एकाच नावावर

॥ पनायिया माता प्रसन्न ॥

कालो नेरो, लिमासोल जिल्हा
ता. १४ डिसेंबर २०१२

चि. लुकिया हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पार्सल काल मिळाले. आत निघाले ते असे: राखाडी लोकरीची दोन बंडले, कॉफीचे दोन डबे, गुडघ्याचे मलम एक, मेलानीच्या हातच्या मसाल्याच्या बिस्किटांचा डबा एक (पैकी सात मोडली) आणि तुझ्या भाऊजींना पायमोजे तीन जोड. वरची तिकिटे मोजली, सतरा युरो झाली. वेडी आहेस झाले. कॉफी आणि मलम इथे नऊ युरोत मिळते. मोडलेली बिस्किटे दुधात घातली, वाया काही गेले नाही.

आता बाबांच्या शेताचे. विक्रीचे एक लाख ऐंशी हजार सप्टेंबरातच आले हे तुला फोनवर सांगितलेच होते. निम्मे तुझे, निम्मे माझे. बँकेतल्या मुदत ठेवीची पावती कशी केली ते सांगायचे राहिले, म्हणून लिहिते. दोघींच्या नावाने करायची तर तुझी सही हवी होती. फॉर्म जर्मनीला कुरियरने पाठवून परत मागवायला अडतीस युरो पडत होते. म्हटले, सख्ख्या बहिणींत कशाला हा भुर्दंड? शिवाय आपला बँकेतला एवागोरास म्हणाला की एकच मोठी रक्कम असली तर साडेचारऐवजी पाच टक्के देववतो. म्हणून सहा महिन्यांची एकच पावती केली, माझ्या एकटीच्या नावावर. वीस मार्चला मुदत संपते. व्याज साडेचार हजार, त्यातले अर्धे तुझे. वहीत तुझे पान वेगळे ठेवले आहे, काळजी नसावी.

गच्चीवर बाबांनी तुझ्या लेकीसाठी, मेलानीसाठी सोडलेल्या लोखंडी कांबी भाऊजींनी घासून काढल्या. गंज वरवरचाच आहे म्हणाले. एप्रिलात भिंती घ्यायच्या आणि तिच्या सप्टेंबरच्या लग्नापर्यंत वरचा मजला उभा करायचा असे त्यांनी ठरवले आहे. मुलीला बापाचे छप्पर नाही, निदान आजोबांच्या छपरावर तरी घर मिळू दे.

तब्येतीस जपणे. माझी आठवण दुकानाच्या धबडग्यात पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
थेओपिस्तीताई


ऑफेनबाख
ता. ७ जानेवारी २०१३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सात बिस्किटे मोडली हे मोजलेस, पण चव कशी होती ते लिहिले नाहीस. मेलानी रुसली आहे.

एक गोष्ट विचारायची आहे, रागावू नकोस. वरच्या मजल्यावर वीगांड राहतात, तुला मागे लिहिले होते, बँकेतून निवृत्त झालेले, कुत्र्याला स्वेटर घालणारे. काल जिन्यात भेटले. शेत विकले, मुलीचे घर होणार, असे मी आनंदाने सांगत होते. त्यांनी सगळे ऐकले आणि एवढेच विचारले की पैसे एका नावावर आहेत की दोन. मी म्हटले, ताईच्या. तर किती, म्हणाले. आकडा सांगितला. त्यांनी कुत्र्याला पायरीवर बसवले.

मग सांगितले ते असे: युरोपात कुठेही बँक बुडाली तर माणशी एक लाखापर्यंतची हमी आहे. एक लाखाच्या वर जे असेल त्याचा वाली कोणी नाही. तुमच्या बेटावरच्या बँकांनी ग्रीस सरकारचे कर्जरोखे पोटभर घेतले होते, ते कागद आता निम्म्याचेही राहिलेले नाहीत. सरकारने युरोपकडे मदत मागितली आहे, पण देणारे या वेळी फुकट देणार नाहीत. म्हणून म्हणाले, आजच्या आज दोन नावांवर करा. नव्वद आणि नव्वद. दोन्ही हमीत बसतात.

ताई, इथे हवा बदलली आहे हे मलाही कळते. शनिवारी एक गिऱ्हाईक पँट आखूड करायला आले होते. स्टुलावर उभे राहून सांगत होते की त्या बेटावरचे लोक उन्हात पडून खातात आणि बिल आम्ही भरतो. मी कुठली हे त्यांना ठाऊक नव्हते. तोंडात टाचण्या होत्या म्हणून उत्तर देता आले नाही. एक टाचणी मात्र जरा वर लागली. मातेपुढे दिवा लावशील तेव्हा माझ्या वतीने माफी माग.

तेवढे खात्याचे कर. कुरियरचे अडतीस मी देते.
तुझ्या मायेवरच इथली थंडी निघते.
तुझी,
लुकिया


॥ पनायिया माता प्रसन्न ॥

कालो नेरो
ता. २५ जानेवारी २०१३

चि. लुकिया हीस,
अनेक आशीर्वाद.

बिस्किटे चांगली होती. लवंग जास्त पडली होती.

तुझे पत्र वाचून दोन दिवस मला कसेसेच झाले. वीगांड कोण कुठले? आणि एवागोरास कोण? माझ्या लग्नात आमच्या डोक्यांवरचे मुकुट ज्याने अदलाबदल केले, आमच्या थोरल्याला बाप्तिस्म्यात तेल लावून ज्याने नाव दिले, तो आपला कुंबारोस. रक्ताचा नाही, पण धर्माचा भाऊ. त्याच्या शाखेत जाऊन त्याच्या तोंडावर म्हणायचे की तुझी बँक बुडेल म्हणतात, तेव्हा माझे पैसे तोडून दे? मुदतीआधी पावती मोडली तर साडेचार हजार व्याज जाते ते वेगळेच. ती मेलानीच्या स्वयंपाकघराची फरशी आणि नळ आहेत.

तरी तुझा शब्द म्हणून मंगळवारी गेले. तुझे पत्र पैशांच्या पाकिटात होते. एवागोरास केबिनमधून उठून दारापर्यंत आला, दोन्ही गालांना गाल लावले, सगळ्यांसमोर आमच्या कुमेरा, धर्माच्या बहीण आल्या म्हणून खुर्ची दिली. कॉफी मागवली, त्याच्या आईने केलेला अक्रोडाचा मुरंबा पुढे ठेवला. मग आपणच बोलायला लागला. सकाळपासून तिघे येऊन पैसे काढून गेले. तीस वर्षे ज्यांच्या मुलांच्या फिया मी सांभाळून घेतल्या ते खाली मान घालून सह्या करतात, म्हणाला. डोळे भरले होते गं. म्हणाला, कुमेरा, तुम्ही आहात म्हणून जिवाला बरे वाटते.

यावर मी काय बोलणार? पाकीट उघडले ते तुझे पत्र काढायला, आणि हातात आले घरखर्चातून वाचवलेले दोन हजार. ते भाऊजींना सिमेंट आणायला द्यायचे होते. तेच माझ्या बचत खात्यात भरून आले. घरी आल्यावर भाऊजींनी विचारले की पैसे काढायला गेली होतीस की घालायला.

इथे निवडणूक आहे. दोन्ही बाजूंचे लोक चावडीवर येऊन छातीवर हात ठेवून सांगतात की ठेवींना कोणी हात लावणार नाही. वीस मार्च काही लांब नाही. त्या दिवशी मुदत संपली की न बोलता दोन करीन, म्हणजे कोणाचे मनही मोडणार नाही.

रुसवा धरू नकोस, धरलास तर पत्रातून धर, म्हणजे पत्र तरी येईल.
तुझी,
ताई


ऑफेनबाख
ता. २० फेब्रुवारी २०१३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पैसे काढायला जाऊन भरून आलीस! मेलानी हसून हसून लोळली. मी हसले नाही असे नाही, पण हसू पुरते आले नाही.

मी तुझ्या जागी असते तर काय केले असते हे सांगता येत नाही. एवागोरासदादाने मुरंबा पुढे केला असता तर मीही बसलेच असते. म्हणून बोल लावत नाही. वीस मार्च तर वीस मार्च. पण त्याच दिवशी, ताई. सकाळी दार उघडताच.

वीगांड आता त्याबद्दल बोलत नाहीत. हे मला जास्त खटकते. जिन्यात भेटले की पाऊस कसा आहे, बर्फ कसे आहे, एवढेच. परवा मी मुद्दाम विचारले की बेटाचे काही कळले का. तर म्हणाले, ताई तुमच्यापेक्षा मोठ्या ना? आणि वर निघून गेले. आपल्या बाबांना दवाखान्यात ठेवले होते तेव्हा डॉक्टर असेच दुसरेच काहीतरी विचारायचे, आठवते?

मेलानीने राजीनामा दिला. एकतीस मार्च शेवटचा दिवस. एप्रिलात तिकडे येऊन भाऊजींच्या हाताखाली विटा देणार म्हणते. लग्नाचा पोशाख मी बेतला आहे, कमरेत जरा सैल ठेवला, तू खाऊ घालशील तो हिशेब धरून. हे भाड्याचे घर सोडण्याची नोटीसही तिने माझ्याकडून लिहून घेतली, कारण लग्नानंतर मीही तिच्याजवळच राहायला येणार. तुझ्या डोक्यावर दोघी नाचणार आहोत, कान तयार ठेव.

एवढ्या मायेला नजर न लागो.
तुझी,
लुकिया


॥ पनायिया माता प्रसन्न ॥

कालो नेरो
ता. ८ मार्च २०१३

चि. लुकिया हीस,
अनेक आशीर्वाद.

राजीनामा इतक्या घाईने कशाला दिला? बरे, दिला तो दिला.

काल मांस भाजायचा गुरुवार झाला. उपवास लागायच्या आधीचा हा दिवस आमच्या अंगणातच होतो हे तुला ठाऊक आहे. डुकराचे साडेचार किलो आणले, सव्वीस युरो, सॉसेजे घरचीच. माणसे चौदा. तीस वर्षांत पहिल्यांदा एवागोरास आला नाही. त्याची बायको एकटी आली. तो निकोसियाला बैठकीला गेला आहे म्हणाली. बैठक कसली विचारले तर तिलाही माहीत नव्हते. ताटातले मांस तिने काट्याने इकडचे तिकडे केले, खाल्ले नाही. जाताना माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. भाऊजी नंतर म्हणाले की निरोप घेत होती की माफी मागत होती ते कळले नाही.

हे तुला घाबरवायला लिहीत नाही. अठराला हिरवा सोमवार, उपवासाचा पहिला दिवस, म्हणून सुट्टी. एकोणीसला मंगळवार. वीसला बुधवार, सकाळी आठला मी दारात उभी. जपमाळ आणि पासबुक दोन्ही पिशवीत आत्ताच भरून ठेवले आहे.

माझ्यावरचा भरवसा बारा दिवस उसना दे.
तुझी,
ताई


कालो नेरो
ता. २७ मार्च २०१३

लुकिया,

वर मातेचे नाव घातले नाही, हात धजला नाही. फोनवर मला बोलता आले नाही, तूही रडत होतीस, म्हणून जे झाले ते ओळीने लिहिते.

शनिवारी सोळाला सकाळी पाव आणायला गेले तर बँकेच्या पैशांच्या मशीनपुढे रांग. गावचे पाद्रीबाबासुद्धा रांगेत. विचारले तर म्हणाले, रात्री ब्रसेल्समध्ये ठरले, सगळ्यांच्या ठेवीतून तुकडा कापणार, लहानमोठ्या सगळ्यांच्या. माझी पाळी येईपर्यंत मशीन रिकामे झाले. हिरव्या सोमवारी दरवर्षीप्रमाणे डोंगरात गेलो. ऑलिव्ह, कच्चे कांदे, बाकला, सगळे नेले होते. पतंग एकाही पोराने उडवला नाही. मोठी माणसे गाड्यांतल्या रेडिओला कान लावून बसली होती. मंगळवारी संसदेने नाही म्हटले तेव्हा चावडीवर लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मीही भाऊजींना मारली, चारचौघांत. ते म्हणाले, अगं, वीस मार्च उद्या आहे.

वीस मार्चला मी आठला दारात उभी होते. दार उघडले नाही. बँका त्या शनिवारपासून बंदच आहेत. मशीन दिवसाला शंभर देते. कोपऱ्यावरचा वाणी कार्ड घेत नाही, रोकड असेल तरच साखर.

आणि परवा, मातेच्या शुभवार्तेच्या दिवशी, मुले झेंडे घेऊन मिरवत असताना शेवटचा निकाल आला. एक लाखापर्यंत हात लावणार नाहीत. वरचे गेले. आपली बँकच मिटवणार, तिचे चांगले तेवढे दुसऱ्या बँकेत जाणार. माझ्या नावावर एक लाख ब्याऐंशी हजार होते. त्यातले एक लाख उरले. ब्याऐंशी हजार मेलेल्या बँकेत राहिले, कधी आणि किती मिळतील हे कोणी सांगत नाही. नव्वद आणि नव्वद असते तर एक पैसा गेला नसता. हे गणित मी मॅट्रिकला नव्हे, चौथीतही सोडवले असते.

एवागोराससाठी मनात काही धरू नकोस. त्याने स्वतःचे काढले नाहीत, आईचेही नाहीत, सगळे त्याच बँकेत होते. काल देवळात शेवटच्या बाकावर एकटा बसला होता, आजूबाजूची जागा लोकांनी रिकामी सोडली होती. मी जाऊन बसले. तुझे जानेवारीचे पत्र त्याला दाखवले. त्याने दोनदा वाचले. मग म्हणाला, कुमेरा, त्या दिवशी नुसते बोलल्या असतात तरी मी करून दिले असते. दहा मिनिटांचे काम होते. मला वाईट वाटले असते, संध्याकाळपर्यंत.

लुकिया, संध्याकाळपर्यंत.

ताई


ऑफेनबाख
ता. ७ एप्रिल २०१३

ती. ताईस,
नमस्कार.

तीन पत्रे लिहून फाडली. हे चौथे.

वीगांड केक घेऊन आले होते. मी सांगितले होते असे एका शब्दाने म्हणाले नाहीत. कुत्र्यालाही वरच ठेवून आले होते. त्यांच्यासमोर मी टेबलावर दोन नाणी ठेवली, तू पाठवलेले आपले, हात पसरलेल्या मूर्तीचे, आणि इथले गरुडाचे. त्यांना विचारले की खाली बेकरीवाली ही दोन्ही न बघता गल्ल्यात टाकते, मग माझ्या ताईकडचा युरो माझ्याकडे का येऊ शकत नाही? ते म्हणाले, आता त्या बेटाबाहेर पैसे न्यायला बंदी आहे, युरोप एक झाल्यापासून असे कोणी कधी केले नव्हते. म्हणाले, नाणे एक आहे हो, घर एक नाही.

मेलानीची नोकरी एकतीसला सुटली. तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. या घरालाही नवा भाडेकरू लागला, जूनअखेर सोडायचे आहे. पोशाख कपाटात टांगला आहे. मुलाकडचे चांगले आहेत, पण त्याची आई काल फोनवर म्हणाली की घर नसले तरी चालेल. आपल्याकडे लग्नात घर मुलीकडून यायचे असते, तेव्हा असे कोण म्हणते ते तुला माहीत आहे. मुलीचे घर नाही म्हटल्यावर पुढे आयुष्यभर जेवणाच्या टेबलावर ते वाक्य वाढले जाते.

उरलेले एक लाख कोणाचे, हे मी विचारणार नाही. पावती तुझ्या नावावर, कायद्याने तुझेच. निम्मे दिलेस तरी मी गप्प बसेन. मेलानी मात्र विचारते. तिला काय सांगू ते कळव.

रागाच्या खाली अजून तुझी माया आहे, पण शोधावी लागते.
लुकिया


॥ पनायिया माता प्रसन्न ॥

कालो नेरो
ता. २ मे २०१३, मोठा गुरुवार

चि. लुकिया हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला कारण पाठवायचे ते आज हाती आले. ईस्टरची अंडी रंगवून झाली, चीजच्या रोट्या भट्टीत आहेत, तेवढ्यात लिहिते.

मेलानीला सांग, नव्वद हजार तिच्या आईचे आहेत. वहीत तुझे पान आहे, त्यावर मी सप्टेंबरात माझ्या हाताने नव्वद लिहिले, त्यातला एक आकडा खोडणार नाही. उरलेले दहा आमचे. भाऊजींना सांगितले तेव्हा ते गच्चीवर गेले, कांबींपाशी तासभर उभे राहिले. खाली येऊन म्हणाले, मला दहा तरी कशाला ठेवलेस, आणि हसले. आता रोज पहाटे थापी पिशवीत टाकून लिमासोलला काम शोधायला जातात. सगळी बांधकामे अर्धी थांबली आहेत, क्रेन वाऱ्याने आपोआप फिरतात म्हणतात. थापी कोरडीच परत येते.

शाखेवरची जुनी पाटी उतरवली, भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिला. एवागोरासला जूनपर्यंतच ठेवणार आहेत. त्याने माझ्यासमोर बसून तुझ्या नावाच्या खात्याचा फॉर्म भरला. घड्याळ पाहिले मी. नऊ मिनिटे लागली. तुझी सही झाली की नव्वद हजार तुझ्या नावावर जातात.

पण तिकडे एकदम येणार नाहीत. बाहेर पाठवायला महिन्याला पाच हजारांची मर्यादा आहे, म्हणजे तुझ्या नव्वदला अठरा महिने. आणि नियम दर आठवड्याला बदलतो. एवागोरास हळू आवाजात म्हणाला की पहिल्या दिवशी त्यांनी एक लाखाच्या आतल्यांनाही कापायचे ठरवलेच होते, मग मागे घेतले. जे एकदा ठरले ते पुन्हा ठरू शकते. भाऊजींचे म्हणणे, बँकेत ठेवूच नका, सही येताच सिमेंट आणि विटा घेऊन टाकू, भिंतीतून कोणी काढून नेणार नाही. मजुरी ते घेणार नाहीत. माझे म्हणणे, पैसे तुझे, ठरव तू. मी एकदा तुझ्यासाठी ठरवले, ते पुरे झाले.

फॉर्म सोबत जोडला आहे. दोन ठिकाणी सही कर, पेन्सिलीने फुली मारली आहे. कुरियरने पाठवते आहे, पावतीवर अडतीस युरो लागलेत, माझ्या पानावर लिहिलेत. परत पाठवायचे पैसेही त्यातच आले, पाकीट आतच आहे.

तोवर सगळे अजून माझ्या एकटीच्या नावावर आहे. रोज सकाळी आठला शाखेत जाऊन पासबुक भरून आणते, एक लाख आहेत ना ते पाहते आणि मग पाव घेते. उद्या मोठ्या शुक्रवारपासून ईस्टरच्या मंगळवारपर्यंत बँक बंद आहे. सुट्टीला लागून सुट्टी आली की काय होते ते मार्चात पाहिले.

म्हणून पत्र हाती पडेल त्या क्षणी, दुकानात गिऱ्हाईक स्टुलावर उभे असले तरी त्याला तसेच उभे ठेवून, सही कर आणि उलट टपाली पाठव.

तुझी,
थेओपिस्तीताई